कुवेत १९९० मध्ये एका दिवसात का पडला, आणि त्यानंतर त्याने काय बदलले

आपला प्रश्न तीन भागांत आहे. जगातील ज्ञात तेलसाठ्यांपैकी सुमारे सहा टक्के साठा ज्याच्या जमिनीखाली आहे आणि ज्याची परदेशांत प्रचंड गुंतवणूक होती, तो कुवेत २ ऑगस्ट १९९० रोजी एका दिवसात इराकच्या ताब्यात कसा गेला? त्यानंतर त्याने सुरक्षेच्या बाबतीत नेमके काय बदलले? आणि एवढ्या छोट्या देशाला स्वतःचे परराष्ट्र धोरण असू शकते का? माझे आयुष्य आधी तेलवाहू जहाजांवर आणि पुढे आखातातील जहाजांच्या युद्ध-जोखमीचे मूल्यमापन करण्यात गेले. त्यामुळे माझ्या उत्तराचा कल समुद्राकडे आहे, हे आधीच सांगतो. कुवेतच्या बाबतीत तो कल अनाठायी नाही, कारण या देशाचे भवितव्य अनेकदा पाण्यावरच ठरलेले आहे.

माझे मत आधी मांडतो. कुवेत पडला तो केवळ शस्त्रे अपुरी होती म्हणून नव्हे. कितीही शस्त्रे घेतली असती, तरी त्या आकाराचा देश त्या काळच्या इराकी लष्कराला फार तर काही दिवस अडवू शकला असता. आपल्यावर हल्ला झाला तर कोण मध्ये पडेल आणि त्याला मध्ये पडावेच का लागेल, हे हल्लेखोराला आधीच स्पष्ट दिसेल अशी कोणतीही व्यवस्था ऑगस्ट १९९० मध्ये अस्तित्वात नव्हती, हे पराभवाचे खरे कारण आहे. तीन वर्षांपूर्वी, १९८७ मध्ये, कुवेतने तशी व्यवस्था अत्यंत कल्पकतेने उभी केली होती. इराण-इराक युद्ध संपल्यावर ती त्याने मोडू दिली.

हे समजण्यासाठी नकाशा समोर हवा. कुवेतचे क्षेत्रफळ सुमारे १७,८०० चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला आणि पश्चिमेला इराक, दक्षिणेला सौदी अरेबिया, पूर्वेला आखात आणि त्यापलीकडे इराण. या तिघांपैकी एकाशी फार जवळीक केली की उरलेले दोघे बिथरतात. इराकची अडचण वेगळी आहे. त्याला जेमतेम ५८ किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे आणि त्याच्या उम्म कस्र बंदराकडे जाणारी पाण्याची वाट, म्हणजे खोर अब्दुल्ला ही खाडी, कुवेतच्या वर्बा आणि बुबियान या दोन बेटांना लगटून जाते. या बेटांवर वस्ती जवळजवळ नाही, पण बगदादमध्ये राजा असो, सेनाधिकारी असो वा निवडून आलेले सरकार असो, त्या प्रत्येकाची नजर या बेटांवर राहिलेली आहे. कुवेतशी इराकचे भांडण एकट्या सद्दाम हुसेनने उकरून काढले, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

या देशाच्या संरक्षणाचा पहिला करार हिंदुस्थानच्या ब्रिटिश राजवटीशी जोडलेला आहे. २३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतचे शासक शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी गुप्त करार केला. ब्रिटिशांच्या संमतीवाचून कोणत्याही परकी सत्तेचा प्रतिनिधी ठेवायचा नाही आणि कोणाला जमीन द्यायची नाही, या अटीच्या बदल्यात त्यांना पंधरा हजार रुपये मिळाले. हे काम पाहणारा राजकीय अधिकारी बुशेरला बसत असे आणि हिंदुस्थान सरकारला उत्तरदायी असे. कुवेतचा व्यापारही मुंबईशी जोडलेला होता. मोती आणि खजूर मुंबईला येत, आणि १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत होता. संरक्षणाच्या दृष्टीने त्या करारातला महत्त्वाचा भाग असा की, कुवेतच्या अंगाला हात लावला तर कोणाशी गाठ पडेल हे उस्मानी साम्राज्याला ठाऊक होते. पण आश्रयदात्याचे स्वतःचे हिशेब असतात, हेही कुवेतला लवकरच कळले. १९२२ मध्ये उकैर येथे ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी सीमा आखताना कुवेत ज्या प्रदेशावर हक्क सांगत होता त्याचा मोठा भाग पुढे सौदी अरेबियाचे संस्थापक ठरलेल्या इब्न सौद यांच्या पदरात टाकला.

कुवेत १९ जून १९६१ रोजी स्वतंत्र झाला आणि अवघ्या सहा दिवसांनी इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी तो इराकचाच भाग असल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्याच्या वेळी झालेल्या पत्रव्यवहारात, कुवेतने मागितल्यास ब्रिटन मदत करील, असे कलम होते. कुवेतने मदत मागितली, १ जुलैला ब्रिटिश सैन्य उतरू लागले आणि इराकी सैन्य आले नाही. पुढची चाल मला अधिक शहाणपणाची वाटते. ब्रिटिश सैनिक फार काळ राहिले तर अरब जगात आपली गणना वसाहतीत होईल, हे ओळखून कुवेतने काही महिन्यांतच त्यांच्या जागी अरब लीगचे सैन्य आणवले. त्याच वर्षाच्या अखेरीस अरब देशांना विकासासाठी कर्ज देणारा कुवेत फंड स्थापन झाला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने दुसऱ्यांना कर्ज देण्याची संस्था इतक्या तातडीने काढण्यामागे औदार्य होते तसा हिशेबही होता: आपण टिकलो तर ज्यांचा फायदा आहे अशा देशांची संख्या वाढवायची. सोव्हिएत संघाने कुवेतच्या संयुक्त राष्ट्र सदस्यत्वाला आधी नकाराधिकार वापरला होता. कासिम यांची सत्ता गेल्यावर मे १९६३ मध्ये सदस्यत्व मिळाले, कुवेतने मॉस्कोशी राजनैतिक संबंध जोडले आणि ऑक्टोबरमध्ये इराकच्या नव्या सरकारने कुवेतचे स्वातंत्र्य व सीमा मान्य केली. इराकला त्या सुमारास कुवेतकडून बिनव्याजी कर्जही मिळाले. त्यानंतरची दोन दशके आखाती राजेशाह्यांपैकी मॉस्कोशी संबंध असलेला कुवेत हा एकटाच देश होता. हे दार उघडे ठेवल्याचा उपयोग पुढे झाला.

मात्र ब्रिटिश हमी १९७१ मध्ये संपली. तिच्या जागी दुसरी कोणतीही हमी आली नाही. मार्च १९७३ मध्ये इराकी सैन्याने सामिता येथील सीमाचौकीवर हल्ला केला आणि अरब मध्यस्थीने प्रकरण निवळले. मध्यस्थीने निभावते, हा धडा कुवेतने त्यातून घेतला आणि तो फार दिवस उराशी धरला.

आता १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धाकडे येऊ. इथे थोडे रेंगाळणे भाग आहे. कुवेत कागदावर तटस्थ होता, पण इराकला अब्जावधी डॉलरचे कर्ज देत होता आणि इराकचा माल त्याच्या बंदरांतून जात होता. त्याची किंमत त्याने घरात मोजली: डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन व फ्रेंच वकिलातींवर बॉम्बहल्ले झाले आणि मे १९८५ मध्ये खुद्द अमीर शेख जाबेर यांच्या मोटारींच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला. १९८४ पासून इराकने इराणी तेल नेणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडायला सुरुवात केली. इराकचे तेल समुद्रमार्गे जातच नसल्यामुळे इराणने सूड घेतला तो इराकच्या मित्रांकडे जाणाऱ्या जहाजांवर, आणि त्यांत कुवेत पहिला होता. त्या चार वर्षांत चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले. मोठा टँकर सहसा बुडत नसे. त्याच्या पोटात अनेक स्वतंत्र टाक्या असतात, त्यामुळे एका टाकीला भगदाड पडले तरी बाकीच्या जहाजाला तरंगत ठेवतात. म्हणून इराणी क्रांती रक्षकांच्या वेगवान नौका मागच्या बाजूला, जिथे माणसे राहतात आणि इंजिन असते, तिथे नेम धरत. जहाजाला धक्का कमी आणि खलाशांना जास्त, असा तो हिशेब होता. अनेक जहाजांवर पुढच्या टोकाला दिवसाउजेडी दुर्बीण घेतलेला माणूस उभा केला जाई. पाण्यात तरंगणारा काळा गोल सुरुंग आहे, कासव आहे की रिकामा पिंप आहे, हे त्याला काही सेकंदांत सांगावे लागे. भरलेला मोठा टँकर थांबायला मैलोगणती अंतर घेतो. त्यामुळे त्याने ओरडून सांगितले तरी करता येण्यासारखे फारसे काही नसे.

फेब्रुवारी १९८६ मध्ये इराणने इराकचे फाव द्वीपकल्प घेतले. आता इराणी फौज बुबियानच्या समोर उभी होती. त्या वर्षाच्या अखेरीस कुवेतने एकाच वेळी वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोघांना विचारले की, आमच्या टँकरना आपला ध्वज आणि संरक्षण द्याल का? मॉस्कोने तयारी दाखवली आणि तीन सोव्हिएत टँकर कुवेतला भाड्याने दिले. सोव्हिएत नौदल आखातात तेलाचे रक्षक म्हणून उभे राहणार, या कल्पनेने वॉशिंग्टनची टाळाटाळ संपली. रेगन सरकारने कुवेतच्या अकरा टँकरना अमेरिकन ध्वज द्यायचे ठरवले. अमेरिकन ध्वजासाठी जहाजाची मालकी अमेरिकन कंपनीकडे असावी लागते, म्हणून डेलावेअर राज्यात चेसापीक शिपिंग नावाची कंपनी काढण्यात आली, जहाजांवर अमेरिकन कप्तान आले आणि ‘अल रेक्का’चे नाव ‘ब्रिजटन’ झाले. कुवेतने कोणताही संरक्षण करार केला नाही, कोणाला तळ दिला नाही, संसदेपुढे कोणता तह ठेवण्याची वेळ येऊ दिली नाही. जहाजनोंदणीच्या कागदपत्रांतून त्याने एक महासत्ता आपल्या तेलामागे बांधून घेतली. छोट्या देशाच्या मुत्सद्देगिरीचे इतके नेटके उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

‘ब्रिजटन’ची पहिलीच फेरी बोलकी ठरली. २४ जुलै १९८७ रोजी फार्सी बेटाच्या आसपास ती सुरुंगावर गेली. चार लाख टनांचे ते जहाज पुढच्या भागातील टाकी फुटूनही चालत राहिले. त्यानंतर तिच्या रक्षणासाठी आलेल्या अमेरिकन युद्धनौका तिच्या मागे एका रांगेत, तिच्याच पाण्यातून कुवेतकडे गेल्या, कारण त्यांचे पातळ पत्रे सुरुंगाचा तसा धक्का सोसू शकले नसते आणि सोबत सुरुंगशोधक जहाजेच आणलेली नव्हती. रक्षकांनी रक्षिताच्या आडोशाने जावे, हे दृश्य पाहून त्या काळी अनेकांनी अमेरिकेची नाचक्की झाली असे म्हटले. मला ते वेगळे दिसते. नाचक्की झाल्यावर अमेरिका मागे फिरली नाही. तिने सुरुंगशोधक हेलिकॉप्टर आणि जहाजे मागवली, सप्टेंबरमध्ये ‘इराण अज्र’ हे सुरुंग पेरणारे जहाज पकडले, आणि ऑक्टोबरमध्ये ध्वज बदललेल्या ‘सी आइल सिटी’वर कुवेतच्या पाण्यातच क्षेपणास्त्र आदळले तेव्हा तीन दिवसांत इराणी तेलफलाटांवर हल्ला केला. एकदा ध्वज चढला की प्रतिष्ठा पणाला लागते आणि महासत्तेला निघून जाणे महाग पडते. कुवेतने जे विकत घेतले होते ते हेच होते. याच युद्धाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी: ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले आणि २९० निरपराध माणसे मेली. परकी नौदलाच्या छत्राखाली जाण्याची किंमत कोणा तिसऱ्यालाच मोजावी लागू शकते.

ऑगस्ट १९८८ मध्ये युद्ध थांबले आणि ही व्यवस्था गुंडाळली जाऊ लागली. जहाजे हळूहळू कुवेतच्या ध्वजाखाली परतली. अमेरिकेला तळ देणे अरब जनमताला रुचणार नाही, इराक आपला ऋणी आहे, आणि काही झालेच तर अरब मध्यस्थी आहेच, असा विचार त्यामागे होता. तो विचार मूर्खपणाचा नव्हता, कारण १९६१ आणि १९७३ चा अनुभव त्याच्या बाजूने होता. पण इराक बदलला होता. आठ वर्षांच्या युद्धातून तो कर्जबाजारी, प्रचंड सैन्य असलेला आणि रिकाम्या खजिन्याचा देश म्हणून बाहेर आला होता. तेलाचा भाव पडत होता, आणि कुवेत ओपेकने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तेल काढत होता. सद्दाम यांना कर्जमाफी हवी होती, कुवेतला कर्ज ही वाटाघाटीतील आपली शिल्लक वाटत होती. धनकोला वाटते की ऋणको आपल्या हातात आहे. ऋणकोच्या हाती लाखोंची फौज असेल तर गणित उलटते. जुलै १९९० च्या मध्यास इराकचे परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांनी अरब लीगला पत्र लिहून, कुवेतने सीमेवरील रुमैला तेलक्षेत्रातून २.४ अब्ज डॉलरचे तेल चोरल्याचा आरोप केला. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तीन गोष्टी एकत्र आल्या. कुवेतशी आमचा कोणताही संरक्षण करार नाही, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीरपणे सांगितले. २५ जुलैला राजदूत एप्रिल ग्लास्पी यांनी सद्दाम यांची भेट घेतली, पण ठोस इशारा गेला नाही. आणि कुवेतने, इराकला चिथावणी मिळू नये म्हणून, आपल्या सैन्याची सज्जता खाली आणली.

३१ जुलैला जेद्दा येथे सुरू झालेली बोलणी १ ऑगस्टला फिसकटली आणि त्याच रात्री रणगाडे सीमा ओलांडून आले. सीमेपासून राजधानी साधारण शंभर किलोमीटरवर, रस्ता रुंद आणि सपाट. कुवेतचे सैन्य वीस हजारांच्या आत, त्यातले बरेच रजेवर. तरीही ते लढलेच नाही, हे म्हणणे अन्यायाचे आहे. जहराजवळ ३५ व्या चिलखती ब्रिगेडने दिवसभर इराकी तुकड्या अडवल्या आणि दसमान राजवाड्यापाशी अमीर यांचे भाऊ शेख फहद मारले गेले. त्या काही तासांच्या प्रतिकारामुळे अमीर आणि सरकार सौदी अरेबियात पोहोचू शकले. ही बाब लष्करी दृष्टीने किरकोळ आणि राजकीय दृष्टीने निर्णायक होती: मान्यताप्राप्त सरकार शत्रूच्या हाती सापडले नाही, म्हणून संयुक्त राष्ट्रांतील कुवेतची खुर्ची रिकामी पडली नाही. इराकने माघार घ्यावी असे सांगणारा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक ६६० त्याच दिवशी आला. सौदी अरेबियातील तैफ येथील निर्वासित सरकारकडे पैसा होता, कारण लंडनमधील गुंतवणूक कार्यालयातील निधीला इराक हात लावू शकत नव्हता. त्या पैशावर निर्वासित कुवेती कुटुंबे जगली आणि मुक्ततेच्या युद्धासाठी अमेरिकेला सुमारे १६ अब्ज डॉलर दिले गेले. भविष्यातील पिढ्यांसाठी १९७६ मध्ये सुरू केलेला निधी अशा प्रकारे देशाच्या संरक्षणाचे साधन झाला.

भारताची त्या वेळची भूमिका आपल्या वाचकांनी निर्भीडपणे तपासावी असे मला वाटते. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले आणि त्यांनी सद्दाम यांची गळाभेट घेतली. ते छायाचित्र कुवेती मनात वर्षानुवर्षे सलत राहिले. गुजराल यांच्या बाजूने एवढे सांगता येते की कुवेतमध्ये अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांची सुटका इराकच्या मर्जीवर होती. एअर इंडियाने अम्मानहून जवळपास पाचशे उड्डाणे करून त्यांना आणले. त्यांत कोकणातील पुष्कळ माणसे होती. अनेकांनी हातातील एक पिशवी सोडून सारे मागे टाकले होते. तेलाचा भाव भडकला, आखातातून येणारे पैसे आटले आणि आधीच दुबळ्या झालेल्या आपल्या परकी गंगाजळीवर शेवटचा आघात झाला. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला मुंबईतून सुमारे ४७ टन सोने बाहेर पाठवून गहाण ठेवावे लागले. खोर अब्दुल्लाच्या काठावरच्या भांडणाचा धक्का इथपर्यंत पोहोचतो.

२६ फेब्रुवारी १९९१ रोजी राजधानी मुक्त झाली. इराकी सैन्याने पेटवलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरींतील शेवटची नोव्हेंबरमध्ये विझली. त्यानंतर कुवेतने जे केले त्यात १९८७ च्या धड्याची सही दिसते. १९ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेशी संरक्षण सहकार्य करार झाला आणि पुढच्या काही वर्षांत सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांशी संरक्षणविषयक करार झाले. यांपैकी मोठे सैन्य एकाचेच आले, पण उरलेल्या चौघांना शस्त्रखरेदीची गिऱ्हाइकी आणि कराराचा कागद देऊन कुवेतने त्यांना आपल्या बाजूला खेचले. ऑक्टोबर १९९४ मध्ये सद्दाम यांनी पुन्हा सीमेकडे फौज हलवली तेव्हा अमेरिकन सैन्य काही दिवसांत आले, कारण अवजड सामान आधीच कुवेतमध्ये ठेवलेले होते. पुढे अरिफजान आणि अली अल सालेम येथील तळांमुळे अमेरिकन सैनिक कायमचे राहिले. १९८७ मध्ये जे काम जहाजावरच्या ध्वजाने केले, तेच आता जमिनीवरील माणसे करतात: हल्लेखोराला त्यांना वळसा घालून जाता येत नाही.

दुसरी बाजू कायद्याची आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. कुवेतने सीमेचा प्रश्न दोन देशांतील भांडण म्हणून ठेवलाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने खांब रोवून सीमा आखली आणि मे १९९३ मध्ये ठराव क्रमांक ८३३ ने सुरक्षा परिषदेने तिला अंतिम मान्यता दिली. भरपाईसाठी वेगळा आयोग नेमला गेला. त्याने एकूण ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई मंजूर केली, ती इराकने तेलाच्या उत्पन्नातून २०२२ पर्यंत फेडली, आणि त्यात भारतीय कामगारांचेही दावे होते. इराकी जनतेच्या अंगावर बसलेला हा भार न्याय्य होता का, यावर मतभेद होऊ शकतात. मला तो कठोर वाटतो. पण पुढच्या प्रत्येक इराकी सरकारला सीमा नाकारायची असेल तर आधी सुरक्षा परिषद नाकारावी लागेल, ही स्थिती कुवेतने निर्माण केली.

तिसरी बाजू म्हणजे मध्यस्थी. १९६३ पासून चाळीस वर्षे जवळजवळ सलग परराष्ट्रमंत्री आणि २००६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, अमीर राहिलेले शेख सबाह अल अहमद यांनी ती परंपरा केली. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारची कोंडी केली तेव्हा ते वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी राजधान्यांमागून राजधान्या फिरले. यात निव्वळ सद्भावना नव्हती. मोठ्या शेजाऱ्याने लहान शेजाऱ्याला वाकवण्याची रीत आखातात रुळली, तर पुढचा क्रम आपला लागू शकतो, हे कुवेतला इतरांपेक्षा लवकर कळते. जानेवारी २०२१ मध्ये कोंडी उठत असल्याची घोषणा कुवेतच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी केली.

मग सुरक्षेत काय उणे राहिले? पहिली उणीव होर्मुझची, म्हणजे आखातातून बाहेर पडण्याच्या अरुंद सामुद्रधुनीची. सौदी अरेबियाकडे लाल समुद्रावरील यान्बूला जाणारी तेलवाहिनी आहे, अमिरातीने २०१२ पासून हबशान ते फुजैरा अशी तेलवाहिनी चालवली आहे. कुवेतचे निर्यातीचे तेल मात्र मिना अल अहमदीहून निघून होर्मुझमधूनच बाहेर पडते, त्याला दुसरी वाट नाही. जहाजांना जाण्यासाठी आखलेली पट्टी तिथे एका दिशेला दोन सागरी मैल रुंद आहे. तिथून जाताना रेडिओच्या सोळाव्या वाहिनीवर इराणी नौदलाचा प्रश्न येतो: जहाजाचे नाव, आधीचे बंदर, पुढचे बंदर, माल कोणता. बहुतेक वेळा उत्तर देऊन जहाज पुढे जाते. पण तणाव वाढला की गोळी सुटण्याआधीच विमा कंपन्या हलतात. युद्ध-जोखमीचा जादा हप्ता जहाजाच्या किमतीच्या टक्केवारीत आणि साधारण सात दिवसांच्या मुदतीसाठी ठरतो. दहा कोटी डॉलरच्या जहाजावर पाव टक्का लागला, तर एका फेरीचे अडीच लाख डॉलर झाले. सामुद्रधुनी बंद झाली की नाही, याची चर्चा चित्रवाणीवर चालू असते तेव्हा तिचा बराचसा निकाल लंडनमधील विमेकऱ्यांच्या टेबलावर लागत असतो. कुवेतमधील कोणताही परकी तळ यावर पुरेसा उपाय नाही. अरिफजानच्या रणगाड्यांचा सुरुंगाविरुद्ध उपयोग नसतो.

दुसरी उणीव घरातली आहे. कुवेतची निवडून आलेली संसद हे आखातात दुर्मीळ असे बळ होते, कारण परकी संरक्षण ही राजघराण्याची खासगी सोय नसून देशाची गरज आहे, याला तिथे लोकांची संमती मिळत होती. १९८६ मध्ये संसद बरखास्त झाली आणि चारच वर्षांनी संकट आले. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये जेद्दा येथे जमलेल्या कुवेती नेत्यांनी राजघराण्याला पाठिंबा दिला, तो राज्यघटना परत आणण्याच्या वचनावर. मे २०२४ मध्ये अमीर शेख मिशाल यांनी संसद पुन्हा बरखास्त करून घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत स्थगित केली. संसदेने कारभार अडवून धरला होता, या तक्रारीत तथ्य आहे. तरीही सुरक्षेच्या दृष्टीने मला हे नुकसान वाटते: संकटाच्या वेळी कुवेती माणूस आपल्या सरकारामागे का उभा राहिला, याचे उत्तर त्या संमतीत होते.

तिसरी उणीव पुन्हा खोर अब्दुल्लाचीच. संयुक्त राष्ट्रांची आखणी त्या खाडीत १६२ क्रमांकाच्या बिंदूपर्यंत येऊन थांबते. त्यापुढच्या समुद्राची हद्द ठरलेली नाही. जहाजवाहतुकीबाबत २०१२ मध्ये दोन्ही देशांत करार झाला होता, पण सप्टेंबर २०२३ मध्ये इराकच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने त्याला मंजुरी देणारा कायदा रद्द ठरवला. एका काठावर कुवेत बुबियानवर मुबारक अल कबीर बंदर बांधतो आहे, समोर इराक फावचे मोठे बंदर बांधतो आहे, आणि दोघांनाही त्याच अरुंद, गाळ भरणाऱ्या पाण्यातून जहाजे न्यायची आहेत. दक्षिणेला दुर्रा वायुक्षेत्रावर कुवेत आणि सौदी अरेबिया एकत्र आहेत, तर इराण त्यात आपला वाटा सांगतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी द्यावेसे वाटते. होय, छोट्या देशाला स्वतःचे परराष्ट्र धोरण असू शकते आणि कुवेतने ते १९६१ पासून दाखवले आहे. पण ते शांततेच्या काळात अधिक कसोशीने चालवावे लागते, कारण १९८८ ते १९९० या दोन वर्षांतल्या ढिलाईची किंमत त्याला सात महिन्यांच्या परकी ताब्याने मोजावी लागली. १६२ व्या बिंदूपुढची रेषा कुवेतला इराकमध्ये दुबळे पण बोलणी करणारे सरकार असतानाच ठरवून घ्यायला हवी. त्यासाठी इराकला फाव बंदरापर्यंत निर्धोक वाट, गाळ काढण्याच्या खर्चात वाटा आणि गरज पडली तर मुबारक बंदराच्या क्षमतेवर मर्यादा, एवढे द्यावे लागले तरी तो सौदा मी स्वस्त मानतो. दोन्ही बंदरे पूर्ण क्षमतेने सुरू झाल्यावर तीच बोलणी कितीतरी महाग पडतील.